हायड्रोजनच्या वर्णपटरेषांची वारंवारता कशी काढावी

विरळ हायड्रोजन भरलेल्या काचनळीतून वीज सोडली की नळी गुलाबीसर प्रकाशाने उजळते. तो प्रकाश ग्रेटिंगमधून, म्हणजे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीतून, पाहिला, तर रंगांचा सलग पट्टा दिसण्याऐवजी एक ठळक लाल, एक निळसर हिरवी आणि दोन जांभळट अशा सुट्या रेषा दिसतात. यांपैकी प्रत्येक रेषेची वारंवारता एक स्थिरांक आणि दोन पूर्णांक एवढ्या भांडवलावर काढता येते, आणि येणारे उत्तर प्रत्यक्ष मोजमापाशी साधारण लाखात एका भागाइतक्या फरकाने जुळते. सूत्र लहान आहे आणि बहुतेकांना ते पाठही असते. तरीही उत्तरे चुकतात, कारण कोणता स्थिरांक घ्यायचा, भिन्नाचा दशांश कधी करायचा आणि आलेला आकडा हवेतल्या मोजमापाशी कसा ताडून पाहायचा, हे सूत्रात लिहिलेले नसते. म्हणून पुढील विवेचनात सूत्रापेक्षा या तीन गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

सूत्र आणि पहिले उदाहरण

अणूतील इलेक्ट्रॉनला हवी ती ऊर्जा धारण करता येत नाही. १, २, ३ अशा क्रमांकांच्या ठरावीक पातळ्यांवरच तो असू शकतो, आणि एखाद्या पातळीवरून त्याला अणूबाहेर काढायला लागणारी ऊर्जा त्या क्रमांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरतो तेव्हा दोन पातळ्यांमधील ऊर्जेचा फरक एका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, रूपाने बाहेर पडतो, आणि त्या फरकाला प्लांकच्या स्थिरांकाने भागले की त्या फोटॉनची वारंवारता मिळते. नील्स बोर यांनी ही मांडणी १९१३ मध्ये केली. खालच्या पातळीच्या क्रमांकाला ‘ख’ आणि वरच्या पातळीच्या क्रमांकाला ‘व’ म्हटले, तर सूत्र असे होते:

वारंवारता = ३२८८.०५१२ टेराहर्ट्झ × (१/ख² − १/व²)

टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने. हे एकक मी मुद्दाम निवडले आहे. हर्ट्झमध्ये काम केले की दहाचे मोठमोठे घात प्रत्येक पायरीवर वाहून न्यावे लागतात आणि एखादे शून्य कुठे गळले ते शोधण्यात वेळ जातो. टेराहर्ट्झमध्ये दृश्य प्रकाशाचे आकडे चारशे ते आठशेच्या दरम्यान राहतात, त्यामुळे उत्तर भलतेच आले तर ते पाहताक्षणी लक्षात येते.

आता ती ठळक लाल रेषा घेऊ. इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरतो तेव्हा ती उमटते, म्हणजे ख = २ आणि व = ३. कंस प्रथम सोडवावा, पण दशांशात नव्हे, भिन्नातच:

१/४ − १/९ = (९ − ४)/३६ = ५/३६

आता ३२८८.०५१२ ला ५ ने गुणावे, १६४४०.२५६ येतात, त्यांना ३६ ने भागावे. उत्तर ४५६.६७३८ टेराहर्ट्झ. हीच पायरी ०.१४ असा दशांश करून केली असती, तर उत्तर ४६०.३ आले असते, आणि चूक सूत्राची की मोजमापाची या संभ्रमात वाचणारा पडला असता.

भिन्न शेवटच्या पायरीपर्यंत जपण्याची सवय फार जुनी आहे. किंबहुना हे सूत्र हाती लागले तेच तिच्यामुळे. बाझलच्या शाळेत शिकवणारे योहान बामर यांच्यासमोर १८८५ मध्ये चार रेषांच्या तरंगलांब्या होत्या. त्या अँगस्ट्रॉम यांनी मोजलेल्या होत्या. ३६४.५६ नॅनोमीटर या एका संख्येला ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ यांनी गुणले की चारही तरंगलांब्या मिळतात, हे बामर यांना दिसले. या रूपात त्या चार भिन्नांमध्ये काहीच क्रम दिसत नाही. परंतु ४/३ ला १६/१२ आणि ९/८ ला ३६/३२ असे लिहिले, की अंशस्थानी ९, १६, २५, ३६ हे ओळीने वर्ग येतात आणि छेद प्रत्येक ठिकाणी अंशापेक्षा चारने कमी असतो. संक्षेप दिलेले भिन्न पुन्हा विस्तारून पाहण्याच्या या एका कृतीत पूर्ण वर्णपटाची किल्ली होती. दशांशात लिहिलेल्या १.८, १.३३३, १.१९० आणि १.१२५ या संख्यांकडे कितीही वेळ पाहिले असते तरी ती सापडली नसती, असे मला मनापासून वाटते.

स्थिरांक कोणता घ्यावा

सूत्रात कंसाबाहेर असलेल्या आकड्याला रिडबर्ग स्थिरांक म्हणतात. पुस्तकांमध्ये आणि कोष्टकांमध्ये त्याची जी किंमत ठळकपणे छापलेली असते, ती वारंवारतेच्या रूपात ३२८९.८४२० टेराहर्ट्झ येते. वर वापरलेला आकडा ३२८८.०५१२ आहे. हा फरक छपाईचा नाही. पहिल्या किमतीत अणुकेंद्रक अनंत वस्तुमानाचे, म्हणजे जागचे अजिबात न हलणारे, असे गृहीत धरलेले असते. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६.१५ पट असल्यामुळे तो जवळजवळ स्थिर असतो, पण पूर्णपणे स्थिर नसतो; दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानमध्याभोवती फिरतात. त्यामुळे कोष्टकातील किमतीला (१ + १/१८३६.१५) या संख्येने भागावे लागते, आणि तसे भागले की ३२८८.०५१२ मिळतात.

दोन हजारांत एका भागाइतकी ही दुरुस्ती क्षुल्लक वाटते, परंतु १९३१ च्या अखेरीस हॅरल्ड यूरी आणि सहकाऱ्यांनी ड्यूटेरियमचा, म्हणजे हायड्रोजनच्या जड समस्थानिकाचा, शोध लावला तो नेमका तिच्याच आधारे. ड्यूटेरियमच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन अधिक असतो आणि केंद्रकाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे ३६७०.४८ पट भरते. हीच भागाकाराची पायरी या संख्येने केली की स्थिरांक ३२८८.९४५९ येतो आणि लाल रेषेची वारंवारता ४५६.७९८० टेराहर्ट्झ होते. साध्या हायड्रोजनच्या रेषेपेक्षा ती ०.१२४२ टेराहर्ट्झने जास्त आहे. तरंगलांबीत हा फरक सुमारे ०.१८ नॅनोमीटर पडतो. नेहमीच्या ठळक रेषांच्या शेजारी, गणिताने सांगितलेल्या जागी, अंधूक रेषा दिसल्या आणि नवा समस्थानिक हाती आला.

ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये दिलेली असेल तर निराळे सूत्र लागत नाही. इलेक्ट्रॉन-व्होल्टला २४१.७९९ ने गुणले की टेराहर्ट्झ मिळतात. मात्र पहिल्या पातळीवरून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या १३.६ या सर्वपरिचित आकड्यावरून सुरुवात केली तर उत्तरात तीनच अंक विश्वासार्ह असतात, हे ध्यानात ठेवावे. त्या उत्तराचे सात अंक लिहिणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे होय.

तरंगलांबीकडे जाताना

प्रयोगशाळेत बहुधा तरंगलांबी मोजली जाते, त्यामुळे उत्तर पडताळण्यासाठी वारंवारतेचे रूपांतर करावे लागते. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. टेराहर्ट्झ आणि नॅनोमीटर ही जोडी वापरली की काम सोपे होते: २९९७९२.४५८ ला टेराहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे, उत्तर नॅनोमीटरमध्ये येते. लाल रेषेसाठी २९९७९२.४५८ ÷ ४५६.६७३८ = ६५६.४७ नॅनोमीटर.

इथे बरेच जण थबकतात, कारण कोष्टकात या रेषेची तरंगलांबी ६५६.२८ नॅनोमीटर दिलेली आढळते. ती हवेतली असते. आपण काढली ती निर्वातातली आहे. हवेचा अपवर्तनांक दृश्य प्रकाशासाठी सुमारे १.०००२८ असतो, निर्वातातील तरंगलांबीला त्याने भागले की ६५६.२९ येते आणि मेळ बसतो. वारंवारता मात्र हवेत आणि निर्वातात एकच राहते. रेषेची खरी ओळख वारंवारता आहे, असे मी मानतो ते याच कारणाने. सगळे गणित वारंवारतेत करावे आणि तरंगलांबी केवळ शेवटी, तुलनेपुरती काढावी.

स्थिरांकाची चूक आणि हवेची चूक एकत्र आल्या की काय घडते, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा कोष्टकातील ३२८९.८४२० हीच किंमत घेतली आणि हवेचाही विचार केला नाही. तर लाल रेषेची तरंगलांबी ६५६.११ येते, म्हणजे मोजमापापेक्षा ०.१७ नॅनोमीटरने कमी. आता केंद्रकाची दुरुस्ती केली पण हवेची विसरली, तर ६५६.४७ येते, म्हणजे ०.१९ ने जास्त. अर्ध्या दुरुस्तीने चूक कमी होत नाही, ती नुसती बाजू बदलते. मी विद्यार्थिदशेत याच टप्प्यावर अडकलो होतो, आणि स्थिरांक सुधारल्यावरही अंतर तेवढेच राहिलेले पाहून वर्णपटमापक पुन्हा पुन्हा जुळवत बसलो होतो. उपकरणात काही बिघाड नव्हता. दोन्ही दुरुस्त्या एकदम करायला हव्या होत्या.

उरलेल्या रेषा आणि पडताळा

ख = २ कायम ठेवून ‘व’ वाढवत गेले की बामर श्रेणी मिळते. व = ४ साठी भिन्न ३/१६ आणि वारंवारता ६१६.५०९६ टेराहर्ट्झ; व = ५ साठी २१/१०० आणि ६९०.४९०८; व = ६ साठी २/९ आणि ७३०.६७८०. पुढे रेषा एकमेकींच्या जवळ येत जातात आणि ‘व’ अनंताकडे गेला की १/व² नाहीसा होऊन ३२८८.०५१२/४, म्हणजे ८२२.०१२८ टेराहर्ट्झ ही श्रेणीची सीमा मिळते. कोणत्याही श्रेणीचे गणित मांडताना तिची पहिली रेषा आणि सीमा आधी काढून ठेवावी. मधल्या प्रत्येक रेषेचे उत्तर या दोन आकड्यांच्या आतच पडले पाहिजे, आणि तसे पडले नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

ख = १ घेतल्यास लायमन श्रेणी येते. ती २४६६.०३८४ पासून ३२८८.०५१२ पर्यंत, पूर्णपणे अतिनील भागात असते. ख = ३ ची पाश्चेन श्रेणी अवरक्तात १५९.८३५८ पासून ३६५.३३९० पर्यंत पसरते, आणि ख = ४ ची ब्रॅकेट श्रेणी ७३.९८१२ पासून २०५.५०३२ पर्यंत. शेवटच्या दोन श्रेणींच्या मर्यादा एकमेकींत शिरतात हे आकड्यांवरून दिसतेच. म्हणून अवरक्तातील १८० टेराहर्ट्झच्या आसपासची रेषा कोणत्या श्रेणीतली, हे नुसत्या या मर्यादांवरून सांगता येत नाही.

उत्तरे तपासण्याची सर्वांत चांगली रीत बेरजेची आहे. इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून थेट पहिलीवर आला काय किंवा दुसरीवर थांबून आला काय, एकूण ऊर्जा तेवढीच बाहेर पडते. म्हणून ३ ते २ आणि २ ते १ या रेषांच्या वारंवारतांची बेरीज ३ ते १ या रेषेच्या वारंवारतेइतकी असली पाहिजे. ४५६.६७३८ आणि २४६६.०३८४ यांची बेरीज २९२२.७१२२ होते, स्वतंत्रपणे ८/९ या भिन्नाने ३२८८.०५१२ ला गुणले तरी २९२२.७१२२ च येतात. वाल्टर रिट्झ यांनी १९०८ मध्ये, म्हणजे बोर यांच्या मांडणीच्याही आधी, हा संबंध नियम म्हणून मांडला होता. तरंगलांब्यांची अशी बेरीज कधीही करू नये. तिला काही अर्थ नसतो.

रेषेवरून पातळी ओळखणे

उलट दिशेचा प्रश्नही वारंवार पडतो. समजा हवेत ४३४.०५ नॅनोमीटरची रेषा मोजली आहे आणि ती कोणत्या पातळीवरून आली ते हवे आहे. प्रथम १.०००२८ ने गुणून निर्वातातील तरंगलांबी ४३४.१७ काढावी. २९९७९२.४५८ ला तिने भागून वारंवारता ६९०.५० मिळवावी, आणि तिला ३२८८.०५१२ ने भागावे. भागाकार ०.२१०० येतो. रेषा दृश्य भागात असल्यामुळे ख = २ आहे, म्हणून हा आकडा ०.२५ मधून वजा करावा, ०.०४ उरतात. ०.०४ म्हणजे १/२५, आणि २५ चे वर्गमूळ ५. रेषा पाचव्या पातळीवरून आली आहे.

या उदाहरणात हवेची दुरुस्ती केली नसती तरी ‘व’ ची किंमत ५.००४ आली असती आणि काही बिघडले नसते. श्रेणीच्या सीमेजवळ मात्र तसे नसते. पंचविसाव्या पातळीवरून येणाऱ्या रेषेसाठी वजाबाकी ०.००१६ यायला हवी. हवेची दुरुस्ती वगळली तर ती सुमारे ०.००१५३ येते, ‘व’ २५.६ च्या आसपास निघतो आणि जवळचा पूर्णांक म्हणून आपण २६ लिहून मोकळे होतो. जवळजवळ समान असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी करताना लहान चूक अशीच मोठी होते.

पातळ्या फार वरच्या असतील तेव्हा

हाच धोका रेडिओ खगोलशास्त्रात ठळकपणे समोर येतो. ताऱ्यांभोवतीच्या आयनीभूत वायूत इलेक्ट्रॉन प्रोटॉनला येऊन मिळतात तेव्हा ते कित्येकदा शंभराच्या वरच्या पातळ्यांवर स्थिरावतात आणि एकेक पायरी उतरत रेडिओ लहरी सोडतात. ११० वरून १०९ वर उतरतानाची रेषा १९६५ मध्ये प्रत्यक्ष टिपण्यात आली. तिची वारंवारता काढण्यासाठी १/११८८१ आणि १/१२१०० यांचे सात दशांशस्थळांपर्यंत दशांश केले, तर ०.००००८४२ आणि ०.००००८२६ मिळतात, वजाबाकी ०.०००००१६ येते आणि वारंवारता ५२६१ मेगाहर्ट्झ. हे उत्तर पाच टक्क्यांनी चुकलेले आहे, आणि त्या जागी दुर्बीण कितीही वेळ ऐकत बसली तरी तिला ही रेषा सापडणार नाही. त्याऐवजी भिन्न एकत्र करावे:

(११०² − १०९²)/(१०९² × ११०²) = २१९/१४,३७,६०,१००

अंशातील २१९ हा ११० आणि १०९ यांची नुसती बेरीज आहे. शेजारच्या वर्गांमधील फरक नेहमीच त्यांच्या मुळांच्या बेरजेइतका असतो. आता ३२८८.०५१२ ला २१९ ने गुणून छेदाने भागले की ०.००५००८९२ टेराहर्ट्झ, म्हणजे ५००८.९२ मेगाहर्ट्झ मिळतात.

याच उदाहरणावर एक गैरसमजही दूर करता येतो. इलेक्ट्रॉन सेकंदाला जितक्या फेऱ्या मारतो तितकीच प्रकाशाची वारंवारता असते, असे अनेकांना वाटते. बोर यांच्या प्रतिमानात फेऱ्यांची वारंवारता स्थिरांकाच्या दुपटीला पातळी-क्रमांकाच्या घनाने भागून मिळते. १०९ व्या पातळीसाठी ती सुमारे ५०७८ मेगाहर्ट्झ आणि ११० व्या पातळीसाठी ४९४१ मेगाहर्ट्झ येते, आणि आपली रेषा या दोहोंच्या मधोमध बसते. लाल रेषेसाठी मात्र हेच आकडे ८२२ आणि २४४ टेराहर्ट्झ असे दूर पडतात. पातळ्या खूप वर गेल्या की पुंजभौतिकी आणि जुने यामिकी एकमेकांना येऊन मिळतात. खाली तसे होत नाही, म्हणून फेऱ्या मोजून वारंवारता काढू नये.

किती अंक लिहावेत

लायमन श्रेणीच्या पहिल्या रेषेसाठी आपले उत्तर २४६६.०३८४ टेराहर्ट्झ आले. अणूच्या पहिल्या आणि दुसऱ्या पातळ्यांमधील अंतर लेसरच्या साहाय्याने अत्यंत काटेकोरपणे मोजले गेले आहे आणि ते २४६६.०६१४ टेराहर्ट्झ भरते. तफावत ०.०२३० टेराहर्ट्झची, म्हणजे जवळपास लाखात एका भागाची आहे. ती गणितातील चुकीमुळे येत नाही. इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या तुलनेत अगदीच नगण्य नसतो आणि त्याला स्वतःचे परिवलनही असते. या दोन्ही बाबी आपल्या सूत्रात धरलेल्या नाहीत. त्यांच्यामुळे पातळ्या किंचित सरकतात आणि एकाच क्रमांकाची पातळी बारीक फाटते. विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफोर्ड यांनी १९४७ मध्ये मोजलेले आणखी सूक्ष्म विचलन त्याहूनही बरेच लहान आहे.

त्यामुळे मधल्या पायऱ्यांमध्ये सात-आठ अंक ठेवावेत, म्हणजे बेरजेचा पडताळा नीट घेता येतो. पण अंतिम उत्तर पाच अंकांवर थांबवावे. लाल रेषा ४५६.६७, निळसर हिरवी ६१६.५१ आणि लायमनची पहिली २४६६.० टेराहर्ट्झ.